सांग तिला, क्लच दाब

मला गाडी चालवायला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं, आणि तेही कितीतरी दिवस माझ्याशी एक शब्द न बोलता. हे सांगितलं की आजकालच्या पोरी हसतात. हसू देत. त्यांचे सासरे त्यांना नावानं हाक मारतात आणि शेजारी बसून चहा पितात. आमच्या वेळी सासरा ओसरीवर खाकरला की सुनेनं आत व्हायचं, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायचा, आणि त्यांना काही सांगायचं असेल तर सासूला सांगायचं. सासू मग ते त्यांना सांगणार. एका घरात राहून आम्ही दोघं एकमेकांना निरोपांवरच ओळखत होतो.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. माझं माहेर कोयनानगरचं. वडील धरणाच्या कामावर होते, त्यामुळे मी वाढले ती वसाहतीत, जीप आणि डंपरच्या आवाजात. घाटात गाडी कण्हायला लागली की ड्रायव्हरनं कुठला गिअर टाकायला हवा होता, हे आम्ही पोरं अंगणात बसून सांगायचो. सासर मिळालं ते कुंडलच्या बाजूचं, सपाट, चहूकडं ऊस. नवरा फौजेत. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा आणि दोन महिने पाहुण्यासारखा राहून जायचा.

मामंजी, म्हणजे सासरे, तेही फौजेतलेच. उभी नोकरी त्यांनी ट्रक चालवण्यात घालवली होती. पेन्शनीत आले तेव्हा शेती भावांच्या हातात मुरलेली, बैलांना यांची सवय नाही, गावच्या राजकारणात यांना गोडी नाही. मग त्यांनी तासगावच्या एका वकिलाची जुनी काळी मोटार घेतली. पुढची सीट सलग बाकड्यासारखी, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, आणि बोजड इतकी की गोठ्यातल्या म्हशीसुद्धा तिला मान देत. रोज सकाळी अंघोळ झाली की मामंजी तिच्याभोवती एक फेरी मारायचे. चाकांना हात लावायचा, तेलाची पट्टी काढून पुसायची, पुन्हा घालून बघायची, पाणी, ब्रेकचं तेल, दिवे, हॉर्न. याला ते फर्स्ट परेड म्हणायचे. गाडी कुठं न्यायची नसली तरी परेड व्हायचीच. आत्याबाई, माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "देवाला बी इतकं फिरत न्हाईत."

मग आत्याबाईंचा पाय दुखावला. उसात पाला काढताना धसकट पायात घुसलं. तळपायाला जरासं भोक, त्याकडं कोण बघतं? हळद भरली, चिंधी बांधली, कामाला लागल्या. पण त्यांच्या रक्तात साखर होती आणि ते आम्हाला माहीत नव्हतं. भोक भरेना, उलट वाढत गेलं, करंगळी काळी पडली. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी करंगळी काढली आणि स्पष्ट सांगितलं, दर गुरुवारी इथं येऊन ड्रेसिंग करायचं. एक खाडा चालणार नाही. काळेपणा वर चढला तर पाऊल घोट्यापासून काढावं लागेल.

आत्याबाई घरी येऊन दोन दिवस जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "लंगडी झाले तर परड्यात बी कोण नेईल गं मला?" मी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

पहिल्या वेळी एस.टी.नं गेलो. त्या पायऱ्या, ती गर्दी, त्यात कुणाचा तरी बूट त्या पायावर पडला. आत्याबाई ओरडल्या नाहीत, पण घरी येईपर्यंत बँडेज लाल झालं होतं. पुढच्या गुरुवारी मामंजींनी गाडी काढली.

आणि तिथं दुसरंच उघड झालं. पलूसच्या पुढं मामंजींनी भर रस्त्यात करकचून ब्रेक मारला. समोर म्हैस बसली होती म्हणे. तो खडीचा ढीग होता. जरा पुढं गेलो आणि खरीखुरी म्हैस आडवी आली, तेव्हा मात्र मारला नाही. म्हैस शहाणी होती, तीच बाजूला झाली. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. तेव्हा डॉक्टर म्हणायचे, अजून कच्चा आहे, पिकू द्या, मग काढू. आंब्यासारखी वाट बघत बसायची. ज्या माणसानं डोंगरदऱ्यांतून ट्रक नेले, त्याला स्वतःच्या तालुक्यातला रस्ता दिसेना. त्या दिवशी घरी आल्यावर ते गाडीची किल्ली मुठीत घेऊन ओसरीवर बराच वेळ बसले होते, आणि मला त्यांची फार दया आली.

संध्याकाळी आत्याबाई लंगडत चुलीपाशी आल्या.

"त्ये इचारत्यात, कोयनंची पोर हाय, गाड्यांत वाढलीय. चालवायला शिकंल का?"

मी चुलीतली लाकडं मागं ओढली. "शिकंल म्हणावं," मी म्हणाले. ओसरी चार हातांवर होती आणि त्यांनी ते ऐकलंच होतं. तरी आत्याबाई लंगडत गेल्या आणि त्यांनी ते तिथं सांगितलं.

आता शिकवायचं कसं? कायद्याप्रमाणे शिकवणारा शेजारी बसायला हवा. आमच्याकडं कायद्यापेक्षा रीत जुनी. सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून सुनेनं बसायचं म्हणजे गावाला वर्षभराचा विषय. शेवटी असं ठरलं की मी स्टिअरिंगवर, आत्याबाई माझ्या शेजारी, मामंजी मागच्या सीटवर. ते आत्याबाईंना सांगणार, आत्याबाई मला.

खळ्यात पहिला धडा झाला.

"सांग तिला, क्लच दाब."

"डावा पाय दाब."

"सांग तिला, पयला टाक. दांडा आपल्याकडं वढून खाली."

"दांडा वढ. वढ की गं. खाली."

"सांग तिला, क्लच हळू सोड. निम्म्यावर धर."

इथं आत्याबाई थांबल्या. निम्म्यावर कसं धरायचं ते त्यांना स्वतःला कळलं पाहिजे ना. मग म्हणाल्या, "दाराआड हुभी राहून पावनं कोण आल्यात बघतीस न्हवं? तेवढंच दार उघड. समदं न्हाई." सांगते तुम्हाला, हाफ क्लच इतका सोपा करून मला नंतर कुणीही सांगितला नाही. गाडी हलली, चालू लागली, आणि मला इतका आनंद झाला की समोर कडब्याची गंजी आहे हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

"सांग तिला, ब्रेक!"

"अगं, त्ये म्हणत्यात..."

तेवढ्यात आम्ही गंजीत होतो. कडबा टपावर, कडबा बॉनेटवर, आत्याबाईंच्या केसात कडबा. मागून मामंजी काय म्हणाले ते मी इथं लिहीत नाही, ते फौजी हिंदीत होतं. आत्याबाईंनी केसातली काडी काढली आणि माझ्याकडं वळून गंभीरपणे सांगितलं, "त्ये म्हणत्यात, चांगलं चाललंय."

हे त्यांचं नेहमीचंच. तिकडून शिवी निघाली की इकडं शाबासकी पोचायची. मी बहिरी नव्हते, मामंजींचं तोंड माझ्या कानापासून हातभर लांब होतं. कधीकधी मला असा संताप यायचा की वाटायचं, मागं वळावं आणि म्हणावं, आवं मामंजी, सरळ बोला की माझ्याशी, मी काय भिंत आहे? पण नाकी नऊ आले तरी तोंडातून शब्द काढला नाही. तसं वळणच लागलं होतं.

चोक कधी ओढायचा आणि गाडी तापली की आठवणीनं आत का सारायचा, हे मी शिकले. नाहीतर धूर आणि पेट्रोल दोन्ही फुकट. रात्रीच्या वेळी समोरून गाडी आली की पायाजवळचं बटण दाबून दिवा खाली घ्यायचा. "सांग तिला, समोरच्याला आंधळं करून आपुन पुढं जायचं नसतं." माधवनगरच्या अलीकडं रेल्वेचं फाटक होतं आणि त्याच्या चढावर गाडी थांबली की मागं घसरायची. तिथं हँडब्रेक ओढायचा, इंजिन जरा वाढवायचं, क्लच दाराआडच्या पाहुण्यापर्यंत आणायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. ते जमेपर्यंत मामंजी चढावर खाली उतरायचे आणि मागच्या चाकाला दगड लावून उभे राहायचे. साठीचा माणूस, धोतर, डोक्याला फेटा, हातात दगड. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून कंटाळायचे. ते ढळले नाहीत.

एक काम मात्र त्यांनी कुणाला न सांगताच केलं. तेव्हाच्या गाड्यांना पट्टे नसायचे. आत्याबाईंचा पाय लांब करून पुढं ठेवावा लागे, त्यामुळे ब्रेक लागला की त्या सीटवरून घसरायच्या आणि ते पाऊल पुढच्या पत्र्यावर आदळायचं. एका सकाळी बघते तो सीटला मागून आवळून बांधलेला त्यांचा जुना फौजी पट्टा, पितळी कडीसकट. कडी चकाचक घासलेली. आत्याबाई बसल्या, मामंजींनी मागून पट्टा पुढं केला आणि म्हणाले, "घाल." आत्याबाईंनी घातला. दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही. लग्नात घातलेल्या दागिन्यापेक्षा आत्याबाई तो पट्टा जपून बांधायच्या.

आरशाचं काय झालं, ते आता सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आलं. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा तो छोटा आरसा मागचा रस्ता दाखवतो. पण मागच्या रस्त्याच्या आधी मागची सीट दाखवतो, आणि मागच्या सीटवर मामंजी. पहिल्याच दिवशी मी वर पाहिलं तर मला त्यांचं अख्खं तोंड दिसलं. लग्न होऊन चार दिवाळ्या झाल्या होत्या, पण त्यांचा चेहरा मी इतका समोरून कधी बघितला नव्हता. मी चटकन मान खाली घातली. आत्याबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी हात वर केला आणि आरसा स्वतःकडं फिरवला.

"सासऱ्याच्या तोंडाकडं टकामका बघत बसायचं व्हय? बरं दिसतं का?"

तेव्हापासून तो आरसा आत्याबाईंचा झाला. त्या त्यात बघून कुंकू नीट करायच्या, बटा मागं सारायच्या. "सांग तिला, आरशात बघत जा," असं मागून आलं की आत्याबाई स्वतःच आरशात बघायच्या आणि सांगायच्या, "बघतीया." मामंजींना मागून आरसा कुठं वळला आहे हे दिसतच नव्हतं. माझा पदर कानावर, आरसा सासूकडं. मला मागचं जग नव्हतंच, आणि रीत पाळली म्हणून आम्ही दोघी खूश होतो.

कारखाने सुरू झाले की सांगलीचा रस्ता उसाच्या बैलगाड्यांनी भरतो. त्या मोसमातल्या एका गुरुवारी आम्ही निघालो. आधल्या खेपेला डॉक्टरांचं तोंड बरं दिसलं नव्हतं. चवथ्या बोटाच्या मुळाशी काळपट रेघ आली होती. ते म्हणाले होते, पुढच्या गुरुवारी बघू, रेघ सरकली असेल तर थांबता येणार नाही. आत्याबाई नवी हिरवी साडी नेसल्या होत्या. पाय काढायचाच असला तर निदान साडी तरी चांगली असू दे, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

नांद्र्याच्या पुढं एक उसानं लादलेली बैलगाडी डुलत चालली होती. पुढचा रस्ता मोकळा दिसला. मी हॉर्न दिला आणि गाडी उजवीकडं काढली. त्याच क्षणी मागून एस.टी. आम्हाला ओलांडून निघाली होती. तिचा हॉर्न मला पदरातून ऐकू आला नाही, ती मला दिसली नाही, एकदम उजव्या खिडकीत लाल पत्राच पत्रा दिसला.

"सांग तिला..." मागून आलं.

आत्याबाईंची वाचा बसली होती.

"पोरी, ब्रेक! डावीकडं घे! ब्रेक!"

ते थेट मला होतं. ते माझ्या पायापर्यंत आधी गेलं आणि डोक्यात नंतर. ब्रेक लागला, चाकं घासली, गाडी रस्ता सोडून डाव्या अंगाच्या चरात तिरपी उतरली आणि थांबली. एस.टी. निघून गेली, ड्रायव्हरचा एक हात तेवढा खिडकीबाहेर शिव्या देत राहिला.

मी आत्याबाईंकडं पाहिलं. पट्ट्यानं त्यांना धरून ठेवलं होतं. पाऊल पत्र्यापासून चार बोटं लांब, हवेत तसंच. त्या पायाकडं बघून मला रडू फुटलं. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून रडले, आणि म्हणाले की मी आता चालवणार नाही, मेले तरी चालवणार नाही. हे मी कुणाला उद्देशून म्हणाले ते मलाच ठाऊक नाही.

मामंजी उतरून माझ्या खिडकीशी आले. हात आत घालून त्यांनी चाचपत आरसा धरला. काचेवरून बोटं फिरवली, तिचा कल बघितला, मग ती काच कुणाकडं वळलीय हे त्यांना कळलं.

"ह्यो कुणी फिरवला?"

"मी," आत्याबाई म्हणाल्या. "तिला तुमचं तोंड दिसत हुतं."

मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांनी कपाळाला हात लावला आणि हसले. मग पहिल्यांदाच माझ्याशी, सरळ माझ्याशी, शांतपणे बोलायला लागले.

"हे बघ पोरी. पदर खांद्यावर घे. कान उघडं ठेव. गाडी चालवणाऱ्याला कान लागत्यात. मी मागं बसतो. तू आरसा फिरव, माझं तोंड दिसंपतुर फिरव. दिसलं की लाजू नगंस, बघ. मग जरासा वर कर, माझ्या डोक्यावरनं मागचा रस्ता दिसंल. दिसला की सांग."

उसाच्या गाडीवाल्यानं बैल सोडून आणले, दोर लावला, आणि आम्हाला चरातून वर ओढलं. मामंजी मागं बसले. मी पदर खांद्यावर घेतला. डोक्याला वारा लागला आणि कसंसंच झालं. मग आरसा फिरवला. आधी छत आलं, मग फेटा, मग ते.

त्यांचे डोळे मी तेव्हा पाहिले. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरल्यासारखं होतं. ते माझ्याकडं बघत होते आणि त्यांना मी दिसत नव्हते. हा माणूस इतके गुरुवार माझ्या मागं बसून, अंदाजानं, इंजिनाच्या आवाजावरून आणि खड्ड्यांच्या हिसक्यांवरून मला शिकवत होता, आणि मी मनात त्याच्यावर चिडत होते. मला त्या क्षणी माझे वडील आठवले आणि या माणसाबद्दल तेवढंच प्रेम वाटलं.

"दिसला का रस्ता?"

"दिसला, मामंजी," मी म्हणाले. सासऱ्यांशी बोललेला माझा तो पहिला शब्द.

"मग चला. दवाखाना बंद हुईल."

आम्ही पोचलो तेव्हा शिपाई दार ओढून घेत होता. डॉक्टरांनी पट्टी सोडली, चष्मा पुसला, पाऊल उजेडाकडं वळवलं. रेघ सरकली नव्हती. उलट फिकी झाली होती. ते म्हणाले, "पाऊल राहतंय, आजी." आत्याबाईंनी डॉक्टरांच्या पायाला हात लावला, मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. डोकं उघडंच होतं, त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

इथंच सगळं गोड व्हायला हवं होतं. पाय सुधारत होता, मी आरशात बघत होते, मामंजी माझ्याशी बोलत होते. "पोरी, तिसरा टाक." "पोरी, सायकलवाल्याला जागा दे." गाडी अशी चालायला लागली की पलूसच्या पारावरची माणसं मान वळवायची सोडून पानाला चुना लावत बसायची. पण आत्याबाई गप्प झाल्या. जाताना गप्प, येताना गप्प. आरसाही नव्हता त्यांच्याकडं. त्या पट्टा बांधून खिडकीतून ऊस बघत बसायच्या.

एका दुपारी त्यांचा पाय धुताना मी विचारलं, "आत्याबाई, दुखतंय का?"

"पाय न्हाई दुखत."

"मग?"

त्यांनी साडीचा काठ पुन्हापुन्हा चुरला. मग म्हणाल्या, "हसशील."

"न्हाई हसायची."

"लगीन झालं तवा त्ये फौजेत. सुट्टीवर आलं तरी घरात सासू, सासरा, दीर. दिवसा नवऱ्याशी बोलायची सोय न्हाई. पेन्शनीत आलं तवा बोलायची सवयच न्हाई. जेवाय वाढ, पाणी दे, एवढंच. बैलाशी माणूस जास्त बोलतंय. आन ह्या गाडीत मातुर..." त्या थांबल्या. "सांग तिला, सांग तिला म्हणून मिरजंपतुर बोलत हुते माझ्याशी. सांगणं तुला हुतं गं. पर मलाच सांगत हुते."

मी हसले नाही. मी पाय पुसत राहिले, कोरडा झाला तरी पुसत राहिले.

पुढच्या गुरुवारी निघालो. वेशीबाहेर पडताच मागून आलं, "पोरी, दुसरा टाक."

मी दुसरा टाकला नाही. पहिल्यावरच इंजिन रडवत राहिले.

"पोरी, दुसरा."

"आत्याबाई," मी म्हणाले, "इंजिनाचा लय आवाज हाय. मला काय ऐकू येईना. मामंजी काय म्हणत्यात?"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. आरशात मला मामंजी दिसत होते. मी कान उघडे ठेवून बसले होते, आणि ज्यानं ते उघडे ठेवायला लावले त्याला हे सोंग कळलं नसेल असं कसं म्हणू? त्यांच्या मिशा हलल्या.

"सांग तिला," ते म्हणाले, "दुसरा टाक म्हणावं."

"दुसरा टाक गं," आत्याबाई म्हणाल्या, आणि सरसावून बसल्या.

त्या दिवसापासून आमचा एक अलिखित नियम झाला. ब्रेक म्हणायचं असेल तर थेट मला. बाकी सगळं आत्याबाईंमार्फत. आणि ते बाकी सगळं हळूहळू वाढत गेलं. सांग तिला, ह्या वळणावर चिंच हुती, आपल्या लग्नाची बैलगाडी तिथं थांबलीवती. सांग तिला, तू तवा काकवी मागितलीवती आन कुणी दिली न्हाई. सांग तिला, डोंगरात बरफ पडायचं, तवा हातमोजं काढून तुझा फोटू बघायचा म्हंजी बोटं सुन्न व्हायची. आत्याबाई यातलं मला काहीही सांगायच्या नाहीत. "काय म्हणाले?" मी विचारायचे. "काय न्हाई, गाडी हळू घे म्हणत्यात," त्या म्हणायच्या, आणि मी आपली निमूटपणे गाडी हळू घ्यायचे.

मग डॉक्टरांनी एका गुरुवारी पट्टी सोडली ती पुन्हा बांधलीच नाही. जखम भरली होती. पायात मऊ चप्पल घाला, गोड खाऊ नका, आता यायची गरज नाही, असं म्हणाले. आम्ही हात जोडले, बाहेर आलो. आनंदाचा दिवस, पेढे घ्यायचे तर गोड बंद, म्हणून सांगलीत भडंग घेतलं. परतीच्या वाटेवर मात्र मागून एकदाही 'सांग तिला' आलं नाही. माझं गाडीचं शिक्षण झालं होतं, त्यांचा पाय बरा झाला होता, आता गाडी काढायला कारण काय? घरी आल्यावर आत्याबाईंनी पट्ट्याची कडी सोडली आणि तो सीटवर नीट घडी करून ठेवला.

पुढचा गुरुवार उजाडला. मी भाकऱ्या आटोपून, हात पुसत बाहेर आले. मामंजींची परेड चालू होती, तेलाची पट्टी काढून ते बोटानं चाचपत होते. आणि पुढच्या सीटवर आत्याबाई बसल्या होत्या. हिरवी साडी, पट्टा बांधलेला. अंगण ओलांडून त्या एकट्या गेल्या होत्या, कुणाचा हात न धरता, स्वतःच्या दोन पायांनी, आणि आम्हा कुणालाही पत्ता लागला नव्हता.

मामंजींना पट्ट्याच्या कडीचा आवाज आला असावा. ते खिडकीपाशी गेले.

"कुठं निघालीस?"

आत्याबाईंनी पदर सावरला. समोर बघत म्हणाल्या, "तुमी सांगा कुठं. मी सांगते तिला."